भाऊकाकांचं सोयाबीन

परवा नातसुनेने ज्वारीत सोयाबीनचं पीठ मिसळून भाकरी केली आणि ताट पुढे ठेवत म्हणाली, "आजी, डॉक्टर बोलले, ताकत येते. खायलाच पायजे." खाल्ली. वाईट नव्हती. पण तिला म्हटलं, बाई गं, ह्या दाण्यापायी आमच्या घरात दोन सख्खे भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, आणि त्याला कारण मी. तिला वाटलं, म्हातारी काहीतरी बरळते आहे. "हौ आजी" म्हणून ती टीव्हीकडे वळली. आता ह्या घरात मराठी वाचणारी मी एकटीच उरले आहे. मुलं बोलतात, तेही अर्धं तेलुगू अर्धं हिंदी मिसळून, पण मराठीची दोन पानं द्या हातात, घाम फुटतो. तेव्हा लिहायला भीती कुणाची? तशी तेव्हाही नव्हती म्हणा.

तेव्हा आम्ही बरकतपुऱ्यात राहायचो. काचीगुड्याच्या गाडीची शिट्टी स्वयंपाकघरापर्यंत यायची आणि आमच्या घराचं घड्याळ तिच्यावर चालायचं. सकाळच्या शिट्टीला आईची चूल पेटलेली हवी, संध्याकाळच्या शिट्टीला दिवाणखान्यात दिवा. माझे वडील, अण्णा, वकील होते. घरात मराठी, कचेरीत उर्दू, बाजारात दखनी आणि दाराशी येणाऱ्या भाजीवालीशी तेलुगू, असा आमचा चार तोंडांचा संसार. घरातला एक रिवाज दुसरीकडे कुठे मी पाहिला नाही. अण्णांच्या अर्जांची साफ नक्कल करायचं काम आम्हा मुलांचं. शाळेतून यायचं, हातपाय धुवायचे, मूठभर गूळ-फुटाणे खायचे आणि बैठकीवर मांडी घालून दौत पुढे ओढायची. उर्दू शिकवायला मुन्शीजी घरी येत ते खरं तर माझ्या भावांसाठी, मी शेजारी बसून शिकले, पण भावांची अक्षरं म्हणजे शाईत बुडून निघालेला मुंगळा. माझं अक्षर चांगलं, म्हणून कागद माझ्याकडे. अण्णांचा नियम एकच. "नक्कल करणाऱ्याने अक्षर पाहावं, मजकूर पाहू नये." मी अक्षर पाहायचे आणि मजकूरही पाहायचे. तेरा वर्षांची होईतो कोण कुणाची भिंत ढकलतो आणि कोणता भाऊ कोणत्या भावाला फसवतो हे मला तोंडपाठ झालं होतं, फक्त बोलायची सोय नव्हती.

भाऊकाका अण्णांचे धाकटे भाऊ. पुण्याला शेतकी शिकून आलेले आणि सरकारात लागलेले. लग्न व्हायचं होतं, राहायला आमच्याकडेच. मला घरात सगळ्यांत आवडायचे ते भाऊकाका. कारण त्यांना प्रश्न विचारला की ते "तुला काय करायचंय" असं म्हणत नसत. पानाला भोक पडलं तर किड्याने कोणत्या बाजूने खायला सुरुवात केली हे ते पान पालथं करून दाखवत. "मोजल्याशिवाय बोलायचं नाही, वच्छे," हे त्यांचं पालुपद. सुलतान बाजारातून त्यांनी मला निळ्या पुठ्ठ्याची एक वही आणून दिली होती, रेघा आखलेली. तीत मी आमच्या पेरूच्या झाडाची फळं मोजली, चिमण्यांची घरटी मोजली, आणि मुन्शीजी एका तासात किती वेळा पान थुंकायला उठतात तेही मोजलं. ह्या शेवटच्या मोजणीबद्दल आईने कान पिळला. भाऊकाका मात्र पोट धरून हसले.

एक दिवस त्यांच्या वरच्या साहेबांनी त्यांना सोयाबीनचं बी दिलं. कुठून तरी बोटीने आलेलं, आपल्याकडे कुणी पाहिलेलं नाही. पिवळे गोल दाणे, वाटाण्यापेक्षा लहान. हे आपल्या मुलखात येतं का ते पेरून पाहा आणि मला लिहून कळवा, असं साहेबांचं म्हणणं. भाऊकाका हरखून गेले. जमलं तर बढती ठरलेली. आईने त्यातले ओंजळभर दाणे मागून घेतले आणि उसळ करायला घातली. रात्रभर भिजवली होती, तरी सकाळच्या शिट्टीला चुलीवर चढलेली उसळ दुपारची गाडी निघून गेली तरी शिजेना. लसणाची फोडणी झाली, चिंच झाली, गूळ झाला, दाणा जागचा हलायला तयार नाही. अण्णांनी एक दाणा दाताखाली धरला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "हा साक्षीदार फुटत नाही. पुढची तारीख मागा." सगळे हसले. आमच्या घरात सगळे मिळून हसल्याची मला नीट आठवते ती हीच वेळ, म्हणून लिहिली.

अंबरपेठेच्या पलीकडे अण्णांनी हौसेने थोडी जमीन घेतली होती. लाल चलक्याची, म्हणजे हलकी, वाळू मिसळलेली, हातात घेतली की बोटांतून गळणारी. जमिनीबरोबर लच्चम्मा आली. आली कसली, ती आमच्या आधीपासून तिथेच होती. बांधावरच्या कडुनिंबाखाली तिची झोपडी, दोन शेळ्या, पाचसहा कोंबड्या. नवरा कधीच गेलेला, मूल नाही. अण्णांच्या आधी ज्यांची जमीन होती त्यांच्याकडे ती राबत होती, त्यांच्या आधी ज्यांची होती त्यांच्याकडे तिचा सासरा. त्या जमिनीवरून तिला कुणी उठवलं असतं तर जायला दुसरी जागा नव्हती. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि घरातल्या मोठ्यांनाही माहीत होतं. नंतर ज्यांनी "आम्हाला कल्पना नव्हती" असं म्हटलं ते खोटं बोलले.

भाऊकाकांनी पुस्तक उघडून बसून आखणी केली. पुस्तकात लिहिलं होतं, खत भरपूर पाहिजे. अण्णांचे एक अशील नामपल्लीच्या बाजूला राहायचे, त्यांचा घोड्यांचा तबेला होता. त्यांनी म्हटलं, वाटेल तेवढी लीद न्या. झालं. बैलगाड्या लागल्या. नामपल्लीहून निघायचं, सुलतान बाजारातून बरकतपुऱ्याकडे यायचं आणि तसंच अंबरपेठेला. पुढच्या गाडीत सोला हॅट घालून भाऊकाका, मागे वाफाळणारी ताजी लीद. वाफाळणारी म्हणते ते उगाच नाही, सकाळच्या उन्हात तिच्यातून खरंच वाफ निघायची. सुलतान बाजारातले कापडवाले नाकाला उपरणं लावून दुकानाच्या पायऱ्यांवर उभे राहत. आई म्हणे, "भाऊजी, अहो निदान आंघोळ करून स्वयंपाकघरात या." भाऊकाकांना त्या वासाचा अभिमान होता.

लच्चम्माने पहिली गाडी रिकामी होताना पाहिली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिची भाषा तेलुगू, आमच्याशी बोलताना दखनी. म्हणाली, "साब, ये पच्ची पेड है. कच्ची है. एक साल गड्ढे में सडने दो, फिर डालो. अब्बी डाले तो पुरुगु आता." तिच्या बोलीत पेड म्हणजे शेण-लीद आणि पुरुगु म्हणजे किडा. भाऊकाका हसले. कच्चं खत घालू नये हे त्यांना काय माहीत नव्हतं? होतं. पण बी साहेबांनी दिलेलं, मोसम दाराशी आलेला, वर्षभर खत कुजवत बसलं तर बढती दुसऱ्याला. आणि ऐकायचं कुणाचं, तर झोपडीतल्या बाईचं? त्यांनी मान उडवली आणि दुसरी गाडी आत घ्यायला सांगितली. आमच्या घराण्याची ही खोड आहे, मी माझ्यासकट सांगते. कागदावर लिहिलेलं असेल तर आम्ही मान तुकवतो, आणि समोरचं माणूस नुसतं तोंडाने सांगत असेल तर आम्हाला ते ऐकूच येत नाही.

शेवटची पट्टी मात्र खतावाचून राहिली. मोहरमचे दिवस आले, सवाऱ्या निघू लागल्या, आणि लिदीच्या गाड्या घेऊन शहरातून जायला गाडीवाले तयार होईनात. बरोबरच होतं त्यांचं. ते दिवस संपेतो पेरणी अंगावर आली, म्हणून बांधालगतच्या दहाबारा ओळी तशाच कोरड्या मातीत पेरल्या. भाऊकाकांना त्याचं फार वाईट वाटलं. त्या ओळींना ते "बिचाऱ्या" म्हणत.

तेव्हा आमच्याकडे आठवड्याची सुट्टी रविवारी नसे, शुक्रवारी असे, शाळेलाही आणि कचेरीलाही. भाऊकाका मला टांग्यात घालून शेतावर न्यायचे. माझं काम म्हणजे दर शुक्रवारी प्रत्येक ओळीतली उभी रोपं मोजायची आणि वहीत लिहायची. ते स्वतः कडुनिंबाखाली खुर्ची टाकून पुस्तक वाचत. मोजून झालं की वेळ उरायचा, तेव्हा मी परकर खोचून लच्चम्माच्या शेजारची ओळ धरायची आणि खुरपायची. आईला सांगितलं नव्हतं. वकिलाची मुलगी, लग्नाला आलेली, उघड्यावर मजुरणीच्या जोडीला मातीत बसते हे कुणी पाहिलं असतं तर झालं असतं माझं कल्याण. पण मला ते आवडायचं. खुरपं दोन बोटं मातीत जातं, मनगट जरा तिरपं करायचं, गवत मुळासकट वर येतं आणि रोपाला धक्का लागत नाही. लच्चम्मा माझ्या हाताकडे बघत राहायची आणि चुकलं की मनगटावर चापट मारायची. तिच्या दुपारच्या भाकरीतला तुकडा आणि अंबाडीची चटणी, अशी जिभेला झोंबणारी चटणी मी नंतर कुठे खाल्ली नाही. आता कुणी म्हणेल, शिवाशिव? पाळत होते सगळे. मी नाही पाळली.

पहिले पाच-सहा आठवडे रोपं काय तरारली. भाऊकाका साहेबांना तोंडी सांगूनही आले. मग एका शुक्रवारी मध्येच एक ठिगळ पिवळं दिसलं, परातीएवढं. पुढच्या शुक्रवारी तशी सात-आठ. त्याच्या पुढच्या शुक्रवारी ओळीच्या ओळी माना टाकून उभ्या. पाऊस बरा झाला होता, माती ओली होती, आणि रोपं तहानेने मेल्यासारखी. भाऊकाका पानं उलटीपालटी करून बघत होते, पानावर काही नाही. लच्चम्मा आली, एका रोपाला तिने दोन बोटांत धरून उचललं. उपटलं नाही, उचललं, ते अलगद हातात आलं. खाली मूळच नव्हतं. वीतभर खोल जाणारं मूळ कुणीतरी कुरतडून साफ केलेलं. मग तिने तिथेच पहारीने खड्डा घेतला, हातभर लांब, हातभर रुंद, वीतभर खोल, आणि माती बाजूला सारली. आत पांढऱ्या लठ्ठ अळ्या, करंगळीएवढ्या जाड, तपकिरी डोक्याच्या, अर्ध्या वाटोळ्या मुडपून पडलेल्या. हुमणी. मला शिसारी आली, खोटं कशाला बोलू. लच्चम्माने एकेक उचलून रॉकेलच्या डब्यात टाकली. "गिनो चिन्नम्मा," म्हणाली. मला ती चिन्नम्मा म्हणायची, म्हणजे धाकटी बाई. मी मोजल्या. आठ.

भाऊकाकांना मी धावत जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "हुमणी आपल्याकडे असतेच थोडीफार." मी म्हटलं, "थोडीफार म्हणजे किती? मोजल्या तुम्ही?" त्यांनी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. तेव्हा मी वहीत नवीन रकाना आखला आणि दर शुक्रवारी पाच खड्डे खतातल्या ओळींत, पाच त्या बिचाऱ्या ओळींत, अशी मोजणी सुरू केली. खतातल्या खड्ड्यात सात, नऊ, सहा. बिनखताच्या खड्ड्यात एक, नाहीतर काहीच नाही. बिचाऱ्या ओळी हिरव्यागार उभ्या होत्या, त्यांना फुलं आली होती. वळवाच्या सरींनंतर ह्याच अळ्यांचे झालेले भुंगेरे जमिनीतून निघतात, तिन्हीसांजेला कडुनिंबावर बसून पाला खातात आणि अंडी घालायला अशी कच्ची, ऊबदार माती शोधतात, हे मला लच्चम्माने सांगितलं. आम्ही लिदीच्या गाड्या ओतून त्यांना पंगतीचं आमंत्रण दिलं होतं. एवढी साधी गोष्ट.

आणि मग साहेबांचा कागद आला. पीक का गेलं ते लिहून कळवा.

तो शुक्रवार मला तासातासाने आठवतो. आई आत वांगी भरत होती, बगारा करायचा होता, तीळ-खोबरं भाजल्याचा वास सगळ्या घरात. भाऊकाकांचं उर्दू पुण्याला राहून मोडकंतोडकं झालेलं, म्हणून अहवाल ते मराठीत सांगणार आणि मी उर्दूत उतरवणार. सुरुवात झाली. जमीन अशी, बी असं, पेरणी अमक्या दिवशी. मी लिहीत गेले. मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खुरपणी करणाऱ्या बाईच्या हलगर्जीपणामुळे खुरप्याने रोपांची मुळं तुटली. सदर बाईला जमिनीवरून काढून टाकण्यात आलं आहे." माझा हात थांबला. मी विचारलं, "कोणत्या बाईला?"

"लिही."

"लच्चम्माला काढलंत?"

"आज सांगणार आहे. साहेबांना कारण लागतं वच्छे, आणि कारण दिलं की त्यावर काय केलं तेही लागतं. लिही तू."

"मी नाही लिहिणार," मी म्हटलं आणि टाक दौतीत ठेवला.

आज हे वाक्य कुणालाही काही वाटणार नाही. माझी पणती दिवसातून दहा वेळा तेच म्हणते. पण त्या बैठकीवर बसून "नाही लिहिणार" असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं, माझ्या भावांनीही नाही. भाऊकाकांचा चेहरा लाल झाला. आवाज ऐकून अण्णा आले. मी वही काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं एका दमात सांगितलं. लीद, लच्चम्माचं बोलणं, खड्डे, आकडे. अण्णांनी वही चाळली. ते वकील होते, कागदाला कागद म्हणून मान द्यायचे. म्हणाले, "भाऊ, टांगा बोलव. जागेवर जाऊन पाहू."

शेतावर अण्णा बांधावर उभे राहिले, धोतर सावरून. खड्डे कुठे घ्यायचे ते भाऊकाकांनी ठरवायचं, म्हणजे मी चांगले-वाईट निवडले असं म्हणायला नको, हेही अण्णाच म्हणाले. भाऊकाकांनी बोट दाखवलं तिथे लच्चम्माने खणलं. नऊ. दुसरीकडे, सात. बिनखताच्या ओळीत, एक. पुन्हा तिथेच, काही नाही. भाऊकाका म्हणाले, "हा योगायोग असू शकतो." मग त्यांनी कोट काढला, पहार स्वतः घेतली आणि एकदम वेगळ्या कोपऱ्यात खणू लागले. माती हाताने सारली. अळ्या त्यांच्या बोटांवर आल्या. त्यांनी मोजल्या, ओठ हलताना मी पाहिले, पण आकडा मोठ्याने सांगितला नाही. लच्चम्माला एव्हाना सगळं कळलं होतं. ती अण्णांकडे बघून शांतपणे म्हणाली, "वकीलसाब, मैं गुना करी तो निकालो. पर पुरुगु का गुना मेरे सर पे नक्को डालो." अण्णांनी मान खाली घातली. मला वाटलं, जिंकलो. किती भोळी होते मी.

घरी पाय धुतले, दिवाणखान्यात बसलो. आई दारात येऊन "पानं घेऊ का" म्हणाली, अण्णांनी हाताने थांब म्हटलं. भाऊकाका एकदम बोलायला लागले, आवाज फाटलेला. "अण्णा, हे लिहून दिलं तर साहेब म्हणतील, शेतकी शिकलेला माणूस आणि कच्चं खत घालतो. माझी नोकरी जाईल. उद्या माझ्याकडे मुलगी कोण देईल? त्या बाईला दुसरीकडे काम मिळेल. मला नाही मिळणार." ते रडत होते. मोठा पुरुष रडताना मी पहिल्यांदा पाहिला आणि तोही माझा लाडका काका. मला इतकं वाईट वाटलं की वाटलं लिहून टाकावं आणि मोकळं व्हावं.

अण्णांनी दौत माझ्यापुढे सरकवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वच्छे, लिही. काका सांगतो तसं."

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वाटतं मी काकांच्या विरुद्ध गेले. काकांच्या विरुद्ध जायला काय लागतं? ज्या माणसाने डोळ्यांनी खड्डे पाहिले, आकडे पाहिले, आणि पाहूनही मला लिही म्हटलं, त्या माझ्या बापाच्या विरुद्ध जायचं होतं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. म्हटलं, "नाही अण्णा. मी पाहिलंय, तुम्हीही पाहिलंय. मी नाही लिहिणार."

अण्णांनी कागद स्वतःकडे ओढला. माझ्या अक्षराखाली त्यांचं अक्षर सुरू झालं, कचेरीतलं, भरभर जाणारं. खुरप्याने मुळं तुटली, हे लिहून झालं. मग "सदर बाईला" आलं, आणि कागदात बाईचं नाव लागतं म्हणून त्यांनी टाक थांबवून भाऊकाकांना विचारलं, "पूर्ण नाव काय तिचं?" भाऊकाकांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती आमच्या जमिनीवर होती आणि तिच्या नावापुढे काय लागतं हे दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

"माझं नाव माहीत आहे ना?" मी म्हटलं. "तेच लिहा. खुरपणी मीही केली आहे. दर शुक्रवारी. लच्चम्माच्या शेजारची ओळ माझी असायची. खुरप्याने मुळं तुटली असतील तर माझ्याही खुरप्याने तुटली. लिहा, वत्सला, वकिलांची मुलगी, मजुरीण, हलगर्जी, जमिनीवरून काढून टाकण्यात आली आहे. आणि नाही लिहिलंत तर मी मुन्शीजींना सांगेन, शाळेत सांगेन, साहेबांच्या बंगल्यावर चालत जाऊन सांगेन. मला उर्दू येतं."

आईच्या हातून पळी पडली, तो आवाज झाला. "काय बोलतेस हे? शेतात बसून खुरपलंस तू?" ती म्हणाली. भाऊकाका ओरडले, "शेफारली आहे ही. तुम्ही डोक्यावर चढवून ठेवली आहे." अण्णा मात्र माझ्याकडे बघत होते, त्या दिवशी पहिल्यांदा सरळ. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. मी डोळे मिटले नाहीत. त्यांनी कागद उचलला, मधोमध दुमडला, पुन्हा दुमडला आणि फाडला. मग भाऊकाकांना म्हणाले, "भाऊ, हा अर्ज मी चालवणार नाही. तुझा तू लिही, आणि तिला हात न लावता लिही. जमीन माझी आहे, ती तिथेच राहील." आणि आईला म्हणाले, "पानं वाढ." बगारा वांगी ताटात तशीच राहिली. मी एकटी जेवले, पोटभर. मला सडकून भूक लागली होती.

भाऊकाकांनी काय लिहून पाठवलं ते मला कधी कळलं नाही. नोकरी गेली नाही त्यांची, बढती मात्र दुसऱ्याला मिळाली. महिन्याभरात त्यांनी बदली मागून घेतली आणि ट्रंक घेऊन गेले. जाताना आईच्या पाया पडले, अण्णांच्या नाही. नऊ वर्षं दोघा भावांत बोलणं नव्हतं. लग्नाचं आमंत्रणसुद्धा छापील आलं, टपालाने. आई वर्षानुवर्षं मला ऐकवायची, "एका मजुरणीपायी घर फोडलंस." अण्णा त्यावर कधी काही म्हणाले नाहीत, माझ्या बाजूनेही नाही. त्याचा मला राग होता आणि अजून आहे. कागद फाडला म्हणून त्यांना मी मानते, पण आधी लिहायला घेतला होता हे विसरत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात लच्चम्माने आणि मी आमच्या मनाने सगळं केलं. रान दोनदा खोल नांगरून घेतलं, साळुंक्या आणि कावळे नांगरामागे चालत अळ्या टिपत होते. तबेल्यातली उरलेली लीद आणून खड्ड्यात माती टाकून मुरायला ठेवली. भुंगेरे निघायचे दिवस आले तशा तिन्हीसांजेला कडुनिंबाच्या फांद्या हलवून खाली पडतील ते डब्यांत भरले. बिचाऱ्या ओळींचं बी मी राखून ठेवलं होतं, ते पेरलं. आलं. छान आलं. मी भाऊकाकांना पत्र लिहून खड्ड्यांचे आकडे कळवले, उत्तर आलं नाही. लच्चम्माने माझे आभार कधी मानले नाहीत, आणि का मानावेत? तिचं काही चुकलेलं नव्हतं. ती त्या जमिनीवर, त्या झोपडीत म्हातारी होऊन गेली.

माझ्यावर रागावलेली माणसं एकेक करून गेली. आई गेली, अण्णा गेले, शेवटी भाऊकाकाही. शेवटच्या आजारात मी त्यांना भेटायला गेले होते. त्यांनी मला ओळखलं, हात धरला, आणि काकू सरबत आणायला आत गेली तेव्हा म्हणाले, "वच्छे, आता तरी म्हण, थोडं तुझंही चुकलं होतं." त्यांचा हात नुसता हाडांचा झाला होता. माझा त्यांच्यावर फार जीव होता, तेव्हाही आणि त्या क्षणीही. डोळ्यांतलं पाणी पदराने पुसलं आणि म्हटलं, "नाही भाऊकाका. खत कच्चं होतं."